अख्खा माग

मेसा, अ‍ॅरिझोना
१४ ऑक्टोबर १९९६

नोरीन,

वर 'प्रिय' घातलेलं नाही, ते मुद्दामच. आधी तुझं उत्तर येऊ दे.

काल डेलचा फोन आला होता. माझे कान गेल्यापासून फोन आयर्जाच घेते आणि तिचा भाऊ काय म्हणाला ते समोर बसून, ओठ मोठाले करून मला सांगते. माझ्या या लेकीला निरोपात मीठमसाला घालता येत नाही, त्यामुळे जे सांगितलं ते तस्संच असणार. "नोरीन शनिवारी पोलीस घेऊन आली. घर धुऊन नेलं. सगळा लेक रोड खिडक्यांत उभा राहून बघत होता."

घटस्फोट झाला, तो मी गिळला. माझ्या लेकाबरोबर संसार करणं सोपं नाही, हे मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. पण पोलीस? त्या घरात मी नवरी होऊन आले, तिथे मुलं वाढवली, तिथूनच त्यांच्या बापाला शेवटचं नेलं. एवढ्या वर्षांत आमच्या अंगणात शेरीफची गाडी एकदाच आली, तीसुद्धा एक हरीण तिच्याखाली येऊन मेलं म्हणून.

तुला काय हवं होतं ते मला एका ओळीनं कळवायचंस. मी डेलला सांगितलं असतं. दुसऱ्या कुणाचं ऐकत नसला तरी तो माझं ऐकतो.

इथे ऑक्टोबरातसुद्धा म्हातारे बाप्ये चड्डीवर हिंडतात. दमा बरा आहे. बाकी काही बरं नाही.

लेंपी कांगास
(तुझी कोण, ते आता तूच ठरव.)


आल्डर फॉल्स, मिशिगन
२२ ऑक्टोबर १९९६

प्रिय आई,

कोण ते ठरवून टाकलं. न्यायाधीशांनी मला नवऱ्यापासून मोकळं केलंय, सासूपासून नाही. निकाल मी नीट वाचलाय, तसं त्यात कुठंही नाही.

आता शनिवारचं ऐका. माझ्या वाट्याला काय यायचं ते कोर्टानं ठरवलं होतं: माझे कपडे, माझ्या आईची ताटं, शिवणयंत्र आणि 'एक माग'. तुम्ही मला दिलेला माग. बाकी घर, जमीन, बोट सगळं डेलचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वस्तू द्यायच्या-घ्यायच्या दिवशी शेरीफचा माणूस हजर असावा, हे माझ्या वकीलबाईंनी, मिस बाउमननी, मागून घेतलं होतं.

आला तो सालोंचा ओरीन. तुम्ही चर्चच्या रविवारच्या शाळेत ज्याच्याकडून दहा आज्ञा घोकून घेतल्यात, तोच. आता डेप्युटी आहे, आणि टोपीसकट दाराच्या चौकटीत मावत नाही. उतरल्या उतरल्या त्यानं दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी इथं भांडण होऊ नये म्हणून आलोय. कुणाचं काय, ते ठरवायला नाही. सामान मी उचलणार नाही, वाद मी सोडवणार नाही. अर्धा तास आहे, आटपा."

डेल इतका गोड वागत होता की मला तिथंच शंका यायला हवी होती. सगळं पोर्चवर रचून तयार. माग सुटा केलेला, खांब आणि आडवी लाकडं दोरीनं बांधलेली. मी बघायला लागले, तर धागे ठोकून बसवायची फणी नाही. फणी बसवायची चौकट नाही. धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या ओव्या नाहीत, पायाखालच्या पट्ट्या नाहीत. नुसता सांगाडा.

"बाकीचं कुठाय?" मी विचारलं.

"कागदावर 'माग' लिहिलंय," डेल म्हणाला. "हा घे माग."

मी ओरीनकडे वळले. "फणीशिवाय माग असतो का रे?"

त्यानं खिशातून निकालाची प्रत काढली, वाचली, पुन्हा वाचली. "बाई, इथे 'एक माग' एवढंच आहे. फणी त्यात धरायची की नाही ते न्यायाधीश सांगतील. मला नाही सांगता येणार."

"मग तू इथं उभा कशाला आहेस?"

"तुम्ही दोघं आपापल्या घरी धडधाकट जावं म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "लेंपीआईंनी तुला 'चोरी करू नकोस' शिकवलं होतं ना?"

तर म्हणतो, "अजून पाठ आहे. पण तिची अंमलबजावणी माझ्याकडे दिलेली नाही."

सांगाडा घेऊन आले. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली आहे, तिथं तो भिंतीला टेकून उभा आहे. नाताळासाठी चिंध्यांच्या सतरंज्यांच्या ऑर्डरी घेऊन बसले आहे आणि विणू कशानं?

रागवा हवं तर. पण लुटलं म्हणू नका.

तुमची
नोरीन


मेसा
३१ ऑक्टोबर १९९६

प्रिय नोरीन,

(बघ, घातलं.)

डेलला पत्र टाकलं. मागाचं उरलेलं सामान नोरीनला देऊन टाक, मी तिला माग दिला तो अख्खा दिला होता, अर्धा नाही, एवढंच लिहिलं. उत्तर आलं ते कार्डावर, पाठीमागे दीपस्तंभाचं चित्र. "दोऱ्या उंदरांनी खाल्ल्या. फणी गंजली होती, फेकली." मार्चपर्यंत तू रोज त्यावर बसत होतीस. आपल्याकडचे उंदीर इतके कामसू केव्हापासून झाले?

तो माझं ऐकतो असं मी लिहिलं होतं. ते खोडून टाक.

शेजारच्या हिल्माचंही पत्र आलंय. डेलनं मागच्या अंगणातल्या सौनाच्या खोलीला कुलूप लावलंय म्हणे, आणि शनिवारी तिच्या धुराड्यातून धूर निघत नाही. शनिवार, आणि सौना थंड! माणूस वाफेच्या अंघोळीवाचून राहील, पण कुलूप काढणार नाही, म्हणजे आत काय असेल ते शेंबडं पोरही सांगेल.

तू असं कर. पुन्हा ओरीनला घेऊन जा आणि सरळ मागच्या अंगणात शीर. ती कडी जुनी आहे, कुलूप जरा पिळलं की निसटते. पोलीस बरोबर असल्यावर कोण अडवतंय? वर्दी बघून डेल मूग गिळून बसेल.

आणि एक विचारते. ओरीनला बोलवायची वेळ का आली? वकीलबाईंचं नाव पुढे करू नकोस. वकिलानं सांगितलं म्हणून दारात पोलीस आणणारी बाई तू नाहीस. खरं काय ते लिही.

लेंपीआई


आल्डर फॉल्स
१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय आई,

उत्तराला उशीर झाला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी आले की पेन खाली ठेवत होते.

आधी सौनाचं. तळघरातल्या माझ्या मुरंब्याच्या बरण्या आणि बर्फातले बूट राहिले होते. दोन्ही वकिलांनी पत्रापत्री करून आणखी एक शनिवार ठरवला. पुन्हा ओरीन. मी गाडीतून उतरले ती थेट मागच्या अंगणात. सौनाच्या खिडकीतून डोकावले, आणि आई, आहे! वरच्या बाकावर फणी, खाली चौकट, ओव्या खुंटीला टांगलेल्या. उंदराचा दातसुद्धा लागलेला नाही. मी कुलपाला हात घातला.

"बाई, हात काढा," मागून ओरीन.

"आत माझी फणी दिसतेय. ये, तूच बघ."

"दिसत असेल. पण ही खोली कागदात नाही. ते नको म्हणाले तर तुम्हाला आत जाता येणार नाही."

पोर्चवरून डेल म्हणाला, "मी नको म्हणतोय."

"आणि मी गेलेच तर?"

"तर मला अडवावं लागेल," ओरीन म्हणाला. "त्यांना नाही, तुम्हाला."

वर्दी बघून मूग गिळेल म्हणालात ना? तो हसत होता. वर्दी आपल्याच बाजूनं आली आहे असं त्याला वाटलं असणार, कारण पायऱ्या उतरून खाली आला आणि म्हणतो, "ओरीन, मागच्या खेपेला ताटांबरोबर माझी तांब्याची किटली गेली आहे. हिच्या गाडीतून काढून दे."

"ते मला करता येणार नाही."

"माझ्या आजीची किटली आहे!"

"असेल. वकिलाला सांगा."

"मग तू कसला रे पोलीस?"

"मागच्या खेपेला यांनीही तेच विचारलं होतं," ओरीन म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं.

मला हसू आलं नाही, पण जीव जरा थाऱ्यावर आला. (किटली गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे आहे. मी घेतलेली नाही.)

आता तुमचा प्रश्न.

बरण्या आणायला तळघरात उतरायचं होतं. मी दाराशी जाऊन थांबले. पायऱ्या समोर दिसत होत्या आणि पाय उचलेना. ओरीननं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, दाराला बाहेरून असलेल्या कडीकडे बघितलं. दार सताड उघडलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. "मी इथंच आहे. हे दार मिटणार नाही. जा तुम्ही." सामान उचलणार नाही म्हणाला होता, नाहीच उचललं. पण माझ्या सगळ्या खेपा होईपर्यंत तसाच दाराला टेकून उभा.

फेब्रुवारीत मी डेलला सांगितलं की मी हे घर सोडणार. दुसऱ्या दिवशी बटाटे आणायला खाली गेले, आणि त्यानं वरून कडी घातली. उघडली ती दुपार कलल्यावर. तो सगळा वेळ पलीकडे बसून होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी हाका मारल्या, विनवण्या केल्या. एक शब्द बोलला नाही.

मारलं नाही. हे मी सगळ्यांना आधी सांगते, जणू ते त्याचं पुण्यच.

तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. तो तुमचा मुलगा आहे.

नोरीन


मेसा
२६ नोव्हेंबर १९९६

नोरीन, पोरी,

त्या दाराला बाहेरून कडी कुणी बसवली ते मला माहीत आहे. डेलनं नाही. त्याच्या बापानं. याहून जास्त मी लिहिणार नाही आणि तू विचारू नकोस. डेल तेव्हा शाळेत जायचा. त्याच्यावर पांघरूण घालायला हे सांगत नाही. कडी बघितली म्हणून प्रत्येकजण ती लावत नाही.

दोन दिवस नुसती खिडकीशी बसून होते. आयर्जाला वाटलं, मला गावाची आठवण येतेय.

ऐक. त्याला फणी नकोच आहे. विणणं त्याला येत नाही, आणि ती जुनी फणी विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळणार नाही. पण ती त्याच्याकडे आहे तोवर तुला त्याच्या दारात यावं लागतं, आणि मागावं लागतं. त्याला हवंय ते हे. म्हणून तू रडलीस तरी देणार नाही आणि भांडलीस तरी देणार नाही.

मी साक्ष देते. कुणासमोर सही करायची ते तुझ्या वकीलबाईंना विचारून कळव.

लेंपीआई


आल्डर फॉल्स
५ डिसेंबर १९९६

प्रिय आई,

साक्ष नको. पोटच्या पोराविरुद्ध तुम्हाला उभं करून मला फणी नको आहे. पुन्हा हा विषय काढू नका.

तुम्ही लिहिलंत ते वाचून मी जिन्यातच बसले. खरं आहे. दोन्ही शनिवारी घरी येताना मला वाटत होतं की मी हरले, ओरीन नेभळट आहे आणि कायदा डेलच्या खिशात आहे. परवा ओरीन पोस्टात भेटला, माझ्या पुढेच रांगेत. मी तोंड फिरवलं. तोच म्हणाला, "बाई, मी वकील नाही, तेव्हा हा सल्ला समजू नका. पण मला जेवढं लिहून देतात तेवढंच मी करू शकतो. 'एक माग' लिहिलं की मी पोर्चवर उभा राहतो. नीट लिहून द्या, मग बघा मी कुठपर्यंत येतो." आणि पाकिटाला तिकीट चिकटवून चालता झाला.

मी पोस्टातून तशीच मिस बाउमनकडे गेले. त्या कोर्टाकडे अर्ज करतायत की 'माग' म्हणजे काय काय ते स्पष्ट करा, सामान कुठे आहे ते लिहा, आणि ते काढून द्यायचा अधिकार शेरीफला द्या. तारीख फेब्रुवारीत मिळेल.

नाताळच्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून आले की सतरंज्या वसंतात मिळतील. दोघींनी ऑर्डर मागे घेतली. एक म्हणाली, "वसंत तर वसंत, पण निळीच हवी." तिच्याकडे कॉफी आणि वेलदोड्याचा पाव खाऊन आले.

नोरीन


मेसा
१२ जानेवारी १९९७

प्रिय नोरीन,

तू नको म्हणालीस, म्हणून तुला न विचारता करून टाकलं. आयर्जाच्या बँकेत सही-शिक्का मारायला एक मुलगी बसते. तिच्यासमोर हात वर करून शपथ घेतली: माग माझा होता, मी तो नोरीनला तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिला, आणि अख्खा दिला. मुलगी म्हणाली, "आजी, अजून काही लिहायचंय?" म्हटलं, अजून पुष्कळ आहे, पण ते कोर्टाचं काम नाही.

प्रत मिस बाउमनना परस्पर पाठवली आहे. आयर्जा माझ्याशी बोलत नाही. माझ्याशी न बोलणं सोपं असतं, मला तसंही ऐकू येत नाही.

तुझं 'पोटच्या पोराविरुद्ध' वाचलं. खरं सांगणं कुणाच्या विरुद्ध नसतं, पोरी. ज्याला ते टोचतं तो कुठे उभा आहे ते त्यानं बघावं.

लेंपीआई


आल्डर फॉल्स
२४ फेब्रुवारी १९९७

प्रिय आई,

तुमच्यावर रागवायचं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

न्यायाधीश हॅस्किन्ससमोर सुनावणी झाली. डेलचा वकील म्हणाला की कागदावर माग आहे, सुटे भाग नाहीत, आणि या वयातल्या आजींच्या आठवणीवर किती विसंबायचं? न्यायाधीशांनी त्याला थांबवलं आणि डेललाच उभं केलं. "मिस्टर कांगास, तुमच्या आईनं माग दिला तेव्हा फणी आणि बाकीचं सामान त्यावर होतं का?"

डेलनं हाताकडे बघितलं. मला वाटलं, आता उंदीर येणार. पण म्हणाला, "होतं. मी लहानपणी त्याच्याखाली झोपायचो. वर आई ठोकत असायची."

तो खोटं बोलला नाही, आई. तुम्हाला हे कळावं म्हणून सगळ्यात आधी लिहिते आहे.

नवा हुकूम निघाला. एकेका भागाचं नाव, सौनाची खोली, दिवस, वेळ, आणि कुलूप असेल तर शेरीफनं ते तोडावं, असं साफ लिहिलेलं. शनिवारी ओरीन तोच, टोपी तीच. पण या खेपेला पोर्चवर थांबलाच नाही, बर्फातून थेट मागे गेला.

"किल्ली?"

"हरवली," डेल म्हणाला.

ओरीननं गाडीतून मोठी कात्री आणली आणि कुलूप कापलं. तेवढा एक आवाज झाला. मग बाजूला होऊन म्हणाला, "या बाई. आता ही खोली कागदात आहे." याच माणसानं नोव्हेंबरात मला याच दारातून मागे ओढलं असतं.

चौकट मिळाली, ओव्या मिळाल्या, पायपट्ट्या मिळाल्या. फणी नव्हती.

ओरीननं बाकांखाली पाहिलं, शेगडीमागे पाहिलं. "फणी कुठे आहे?" "माहीत नाही," डेल म्हणाला. त्याच्या ट्रकच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली काहीतरी लांबट दिसत होतं. मी बोट दाखवलं.

"ट्रक कागदात नाही," ओरीन म्हणाला. मान खाली घालून म्हणाला, पण म्हणाला.

मी या वेळी भांडले नाही. म्हटलं, "ठीक आहे. काय मिळालं, काय नाही मिळालं, आणि विचारल्यावर हे काय बोलले, तेवढं लिहून घे." त्यानं तिथंच गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं. डेलचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला.

आता हा कोर्टाचा अवमान झाला. मिस बाउमननी तसा अर्ज टाकलाय, आणि त्या म्हणतात, फणी देईपर्यंत न्यायाधीश त्याला तुरुंगातसुद्धा ठेवू शकतात. तिथे मी घुटमळते आहे. फणी काय, नवी मागवता येते. तुमचा मुलगा गजांआड बसावा एवढी ती मोठी नाही. तुम्ही एक शब्द लिहा, मी अर्ज मागे घेते आणि नवी फणी आणते.

नोरीन


मेसा
५ मार्च १९९७

प्रिय नोरीन,

तो शब्द मी लिहिणार नाही.

थकलीस म्हणून सोड. कंटाळलीस म्हणून सोड. नवी फणी जास्त सुबक असते म्हणून सोड, ती असतेही. त्यातलं काहीही मला चालेल. पण माझ्यासाठी सोडू नकोस. आईच्या जिवाला लागेल म्हणून या घरातल्या बायकांनी बरंच काही सोडलेलं आहे, मीसुद्धा माझ्या सासूच्या जिवासाठी सोडलं. तिचा जीव काही त्यानं सुखी झाला नाही, आणि पोरांनी बघायचं ते बघितलं.

रात्री झोप लागत नाही, हे खोटं कशाला सांगू? तो माझा धाकटा आहे. न्यायाधीशांसमोर खरं बोलला हे वाचून मी रडले. पण एकदा खरं बोलून ताडपत्रीखाली फणी लपवायची, तर त्या खरेपणाचा उपयोग काय?

माझी माया त्याच्यावर आहेच, ती कुठे जात नाही. पण मायेनं जे शिकवलं नाही ते आता कायदा शिकवत असेल तर मी मध्ये पडणार नाही.

बाकी तुझं तू ठरव.

लेंपीआई


आल्डर फॉल्स
१२ एप्रिल १९९७

प्रिय आई,

ठरवलं. अर्ज मागे घेतला नाही.

न्यायाधीशांनी ओरीनचा अहवाल मोठ्यानं वाचला. त्यात ओरीनचं स्वतःचं मत एक ओळभरही नव्हतं. काय पाहिलं, काय विचारलं, काय उत्तर आलं, बस्स. त्याच कोरडेपणावर मी सहा महिने दात खात होते. डेलच्या वकिलाला त्यात बोट ठेवायला जागाच सापडली नाही.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "फणी आणायला आणखी एक, चौथी खेप ठरवून देऊ का?" मी उभी राहिले. मिस बाउमननी बाही ओढली तरी राहिले. म्हटलं, "साहेब, मी त्या दारात पुन्हा जाणार नाही. वस्तू शेरीफच्या कचेरीत आणून द्यायला सांगा. मी तिथून उचलेन."

"का?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक तारखेला हे घरी असतात आणि मी मागायला येते. आता यांनी यावं."

लिहिलं त्यांनी तसं. शुक्रवारी दुपारपर्यंत फणी कचेरीत, नाहीतर फणी येईतोवर तुरुंग. शुक्रवारी डेल कचेरीत आला, रिकाम्या हातानं. त्याला आत घेतलं. आज शनिवार. तो आत आहे, आणि हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी लिहिते आहे. मला आनंद झालेला नाही. पण उद्या पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन.

नोरीन


मेसा
१७ एप्रिल १९९७

प्रिय नोरीन,

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. रविवारी तुरुंगातून त्याचा फोन आला. आयर्जानं घेतला आणि रडायलाच लागली. मग ओठ हलवून मला सांगितलं, "डेल म्हणतो, आई, नोरीनला सांग हे सोडून द्यायला. तुझं ऐकेल ती."

मी फोन मागितला. आयर्जा म्हणाली, "तुला ऐकू कुठे येतंय?" म्हटलं, मला बोलता येतं ना?

फोन तोंडाशी धरला आणि ओरडून सांगितलं, "डेल, मी आई. तू काय म्हणतोस ते मला ऐकू येत नाही. न्यायाधीशांना ऐकू येतं. त्यांना सांग." मग थोडी थांबले. वाटलं, पलीकडे तो श्वास घेत असेल. मग म्हटलं, "तुझ्यावरच्या मायेत काही कमी होणार नाही. पण फणी दे."

फोन ठेवला. बाजूची भांडी पुसत बसले. आयर्जानं कॉफी केली. आता बोलते माझ्याशी.

त्यानंतर काय झालं ते इथे कुणाला माहीत नाही. लवकर लिही.

लेंपीआई


आल्डर फॉल्स
२६ एप्रिल १९९७

प्रिय आई,

सोमवारी सकाळी डेलनं न्यायाधीशांना सांगितलं की देतो. त्याला सोडलं. दुपारी तो स्वतः फणी घेऊन कचेरीत आला, टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. ओरीनचा मला फोन आला, "वस्तू आली आहे. घेऊन जा."

मी गेले. त्याच जुन्या ताडपत्रीत गुंडाळलेली. मी उलगडली. एकेका दातावरून बोट फिरवलं. कुठेही वाकलेली नाही, आणि आई, तिला तेल लावलेलं होतं, ताजं. कुणी लावलं ते मी विचारलं नाही. ओरीननंही सांगितलं नाही. पावती पुढे सरकवून म्हणाला, "इथे सही. आणि काही निरोप द्यायचा असेल तर तो मी पोचवत नाही, हे आधीच सांगतो."

"निरोप नाही," मी म्हटलं. मग सही करताना म्हटलं, "ओरीन, ते दार धरून उभा राहिलास ना."

"शांतता राखण्यात ते बसतं," तो म्हणाला आणि पावतीची प्रत फाडून दिली.

बाहेर आले तर डेलचा ट्रक समोरच उभा, आणि तो आत बसलेला. काच वर होती. माझी गाडी त्याच्या पलीकडे. फणी उचलून छातीशी धरली, ती काही लहान नाही, आणि त्याच्या ट्रकसमोरून चालत गेले. तो बघत होता. मीही बघितलं. गाडी सुरू करून कोपऱ्यावर वळले तेव्हा लक्षात आलं, ओरीन कचेरीच्या दाराशी उभा आहे की नाही, हे मी वळून पाहिलंच नव्हतं.

माग उभा केला आहे. निळ्या चिंध्या फाडून ठेवल्यात. हार्डवेअरवाल्याला सांगून आले की उद्यापासून डोक्यावर ठोके पडतील. तो म्हणाला, पडू देत, भाडं वेळेवर दे.

पण ताणा भरायला दोघी लागतात. एकीनं धागे ताणून धरायचे, दुसरीनं गुंडाळायचं. इथे बर्फ वितळलाय, आणि माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मापून बघितली. केव्हा येता?

तुमची
नोरीन